वाट चुकलेला उजेड



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचतीचा हिशेब झाला, कर्जाच्या हप्त्यांचं बोलणं झालं आणि मग विषय निघाला दुधाचा. एक ताई चांगलीच तापली होती. म्हणाली, "म्हैस तीच, ढेप तीच, कुटार तेच. सोमवारी फॅट लागली सहा पॉइंट आठ, मंगळवारी पाच पॉइंट नऊ. एका रात्रीत म्हैस बदलली का माझी?" दुसरी म्हणाली, यंत्रच खोटं आहे. तिसरी म्हणाली, यंत्र कशाला खोटं बोलेल, ते चालवणारा बोलतो. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रेडिओवर एवढं बोलता, तर सांगा, हे यंत्र दुधात बघतं तरी काय?"

मला तेव्हा एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत गेले, तर गोष्ट दुधावरून थेट उजेडावर गेली, आणि उजेडावरून डासांवर, नागपुरावर, मुंबईच्या बंदरावर. म्हणून आजचं बोलणं जरा लांबचं आहे. हातातलं काम चालू ठेवून ऐका.

शाळेत आपल्याला शिकवलं, प्रकाश सरळ रेषेत जातो. ते खरंच आहे. कवेलूच्या फटीतून उन्हाचा कवडसा घरात पडतो तो सरळच पडतो. पण थांबा. तो कवडसा तुम्हाला बाजूने दिसतो कसा? सरळ जाणारा उजेड सरळ जमिनीवर गेला पाहिजे, तुमच्या डोळ्यांत यायचं त्याला काय कारण? कारण आहे धूळ. हवेत नाचणाऱ्या धुळीच्या कणांवर आपटून थोडा उजेड वाट सोडतो आणि तुमच्याकडे वळतो. घर अगदी निर्धूळ असतं, तर कवडसा दिसलाच नसता, नुसता खाली जमिनीवर उजळ ठिपका दिसला असता. म्हणजे उजेड सरळ जातो ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी गोष्ट वाट चुकण्याची आहे.

आता दुधाकडे बघा. दुधात मुख्यतः पाणी, आणि पाणी पारदर्शक. तूप वितळवलं की तेही आरपार दिसतं. मग पाण्यात बारीक स्निग्धाचे थेंब मिसळले की पांढरंशुभ्र का होतं? खडीसाखरेचा मोठा खडा काचेसारखा असतो आणि कुटली की पांढरी पूड होते, हे त्याच कारणानं. प्रत्येक बारीक थेंबावर, प्रत्येक कणावर उजेड आपटतो, वळतो, पुढच्यावर आपटतो, पुन्हा वळतो. शेवटी तो कुठून तरी बाहेर पडतो, पण कुठून आत आला होता याची खूण त्याच्यात उरत नाही. सगळे रंग सगळीकडून परत येतात, म्हणून पांढरं. दुधात पांढरा रंग असा कुठे नाहीच.

एक गंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. साय काढलेलं किंवा पाणी घातलेलं दूध निळसर दिसतं. सासूबाई नुसतं भांड्यात बघून सांगतात, गवळ्यानं हात मारला आहे. तो निळेपणा आणि चुलीच्या धुराचा निळेपणा एकच. सकाळी चुलीचा धूर मागच्या काळ्या झाडीवर बघा, निळा दिसतो. तोच धूर वर उजळ आभाळासमोर गेला की तपकिरी, पिवळट दिसतो. धूर बदलला नाही, आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत ते बदललं.

हे नीट तपासून पाहणारे एक आयरिश शास्त्रज्ञ होते, जॉन टिंडल. १८६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी काचेच्या नळीत अगदी बारीक कणांचं धुकं तयार केलं, त्यातून उजेडाचा झोत सोडला आणि बाजूने पाहिलं, तर निळं आभाळ नळीत उतरलं होतं. मग १८७१ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी त्याचं गणित मांडलं. कण फार बारीक असले की निळा उजेड तांबड्यापेक्षा चारपटीहून जास्त विखुरतो. आभाळ निळं का आणि सूर्य बुडताना लाल का, दोन्हीचं उत्तर त्यात आलं. निळा वाटेतच उधळला जातो, लाल आपल्यापर्यंत पोचतो.

पण समुद्राच्या बाबतीत रॅले चुकले. त्यांचं म्हणणं, समुद्राचा निळेपणा त्याचा स्वतःचा नाही, वर आभाळ निळं आहे त्याचंच प्रतिबिंब. एवढ्या मोठ्या माणसानं सांगितलं, मग कोण विचारणार?

विचारलं एका सरकारी हिशेबनिसानं. चंद्रशेखर वेंकट रामन. अवघ्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ते सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी झाले. कलकत्ता, मग रंगून आणि १९१० साली आपल्या नागपूरला बदली. आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर, त्याच उन्हात, दिवसभर सरकारी जमाखर्च आणि उरलेल्या वेळात भौतिकशास्त्र. पुढच्या वर्षी ते परत कलकत्त्याला गेले आणि काही वर्षांनी मोठ्या पगाराची ती नोकरी सोडून प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये ते पहिल्यांदा विलायतेला गेले. परत येताना 'नरकुंडा' नावाच्या बोटीवर भूमध्य समुद्राचा गर्द निळा रंग त्यांना स्वस्थ बसू देईना. खिशात एक खास स्फटिकाचा तुकडा होता, पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा उजेड अडवता येईल असा. तो डोळ्यांसमोर धरून त्यांनी आभाळाचं प्रतिबिंब पुसून टाकलं. समुद्र निळाच राहिला, उलट जास्त निळा दिसला. बोट मुंबई बंदरात आली तेव्हा हा शोध लिहून तयार होता. लंडनच्या 'नेचर' या नियतकालिकाला पाठवलेल्या त्या पत्राखाली पत्ता आहे तो असा: नरकुंडा बोट, मुंबई बंदर, २६ सप्टेंबर.

पाण्यात धूळ नाही, धूर नाही, मग उजेडाला वाट चुकवलं कोणी? पाण्यानंच. पोलंडचे स्मोलुचोव्स्की आणि नंतर आइन्स्टाइन यांनी आधीच दाखवलं होतं की पाणी बाहेरून कितीही शांत दिसलं तरी आत त्याच्या रेणूंची सतत पळापळ चालू असते. बाजाराच्या दिवशी दुरून पाहिलं तर गर्दी सगळीकडे सारखीच वाटते, पण आत शिरलं तर इथे क्षणभर दाटी, तिथे मोकळं, लगेच उलटं. पाण्यात तसंच. त्या क्षणाक्षणाच्या दाटी-विरळीवर उजेड ठेचकाळतो. रामन यांनी पुढची सात वर्षं याच ठेचकाळण्याचा माग काढला आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांना दिसलं की वळताना काही उजेड आपला रंगही बदलतो. त्यासाठी १९३० चं नोबेल मिळालं. विज्ञान दिन म्हणून शाळेत मुलांचे प्रयोग मांडतात तो दिवस हाच.

इथे थोडं थांबते, कारण हेच रामन आपल्या एका बाईशी कसे वागले तेही सांगायला हवं. १९३३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत नावाची मुलगी तिथे प्रवेश मागायला गेली. लेखिका दुर्गा भागवत यांची ही बहीण. रामन यांनी नाही म्हटलं, कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाई तिथेच जाऊन अडून बसल्या. शेवटी एक वर्ष परीक्षेवर घेतलं, आणि त्यांचं काम पाहिल्यावर पुढे त्या संस्थेची दारं मुलींना उघडली. कमलाबाईंनी तिथे कशावर काम केलं, तर दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर! पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून कमला सोहोनी हे नाव आज घेतलं जातं. पाणचट दुधाला निळी झाक देणारे बारीक कण असतात ते दुधातल्या प्रथिनाचेच, केसीनचे. ज्याला उजेड कळला त्याच्या दारात दूध समजून घ्यायला आलेली मुलगी उभी राहिली आणि त्यानं दार लावून घेतलं. मोठ्या माणसाची ही बाजू पुस्तकात एका ओळीत उरकतात, मला ती उरकावीशी वाटत नाही.

आता डासांकडे येऊ. डास आणि उजेड यांचा काय संबंध, असं वाटेल. पण वाट चुकण्याचं जे गणित आहे, त्याची एक मोठी मुळी आपल्याच शेजारी आहे. गडचिरोलीत मलेरियानं घरं कशी रिकामी केली ते मी तुम्हाला सांगायला नको. मलेरिया डासांतून पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना मिळाला तो आपल्या हद्दीपलीकडे, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी. पुढे रॉस यांना एक अगदी व्यवहाराचा प्रश्न पडला. गावाभोवतीची डबकी बुजवली, झाडोरा साफ केला, तर डास बाहेरून पुन्हा किती आत येतील? म्हणजे किती लांबपर्यंत साफ करायचं? डास काही ठरवून सरळ येत नाही. इकडे उडतो, बसतो, कुठेही वळतो, पुन्हा उडतो.

हा प्रश्न मनात घेऊन लंडनचे कार्ल पिअरसन यांनी जुलै १९०५ मध्ये 'नेचर'मध्येच एक छोटं पत्र छापलं. एक माणूस एका जागेवरून निघतो, ठरावीक अंतर सरळ चालतो, मग कुठल्याही दिशेला वळतो, पुन्हा तेवढंच चालतो, असं कितीतरी वेळा. शेवटी तो कुठे सापडेल? आठवडाभरात उत्तर आलं, आणि दिलं कोणी? त्याच लॉर्ड रॅले यांनी. आवाजाच्या लहरींवर काम करताना हे गणित त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलं होतं. पिअरसन यांनी मग गमतीनं लिहिलं, की दारू प्यायलेला माणूस उघड्या माळावर शोधायचा असेल तर तो निघाला तिथेच आसपास बघावं.

हा निष्कर्ष काढायला आपल्या बायकांना गणित लागलं नसतं, ते सोडा. पण हिशेब फार कामाचा आहे. सरळ चालणारी बाई शंभर पावलांत शंभर पावलं लांब जाते. दर पावलाला भलतीकडे वळणारी शंभर पावलांत साधारण दहाच पावलं लांब जाते. दहा हजार पावलं टाकली तर शंभर. दुप्पट लांब जायचं तर चौपट भटकावं लागतं. एकटा डास कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, पण हजार डास किती लांबवर पसरतील हे सांगता येतं.

उजेडाला हा हिशेब लावला तर काय होतं? सूर्याच्या पोटात जो उजेड तयार होतो त्याला तिथली दाटी इतकी आडवी येते की सेंटीमीटरभरही सरळ जाता येत नाही. सूर्याच्या मध्यापासून कडेपर्यंत अंतर सुमारे सात लाख किलोमीटर. उजेड सरळ निघाला असता तर ते दोन-अडीच सेकंदांचं काम. पण एकेका सेंटीमीटरला वळत गेलं तर पाच हजार वर्षं लागतात. आत दाटी त्याहूनही जास्त आहे, म्हणून काही हिशेब लाखभर वर्षांच्याही वर जातात. वाटेत उजेड गिळला जातो, पुन्हा बाहेर टाकला जातो, त्यामुळे तोच कण शेवटपर्यंत येतो असंही नाही. पण कडेला आला की पुढे मोकळं रान, सव्वाआठ मिनिटांत तो आपल्या अंगणातल्या वाळवणावर. मे महिन्यात आपल्या चंद्रपूरला भाजून काढणारी ऊब केव्हाची शिळी आहे बघा.

या भटकंतीचं शास्त्र पक्कं बांधलं सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी. ते रामन यांचे पुतणे. १९४३ मध्ये त्यांनी अशा भरकटण्याच्या प्रश्नांवर एक मोठा निबंध लिहिला आणि १९५० मध्ये ताऱ्यांच्या आवरणातून उजेड कसा झिरपतो यावर पुस्तक. तारे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं ते गणित पुढे धुकं, ढग, रंग, कागद, अंगावरची कातडी आणि दूध यांनाही लागू पडलं. भटकणाऱ्या उजेडाला समोर तारा आहे की दुधाची किटली, याच्याशी देणंघेणं नसतं.

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे. जुन्या काळी फॅट काढायची ती तेजाबानं. १८९० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या गर्बर यांनी काढलेली ती रीत, काचेच्या नळीत दूध, गंधकाचं तेजाब, मग गरागरा फिरवणं, वर स्निग्ध तरंगतं ते मोजायचं. खात्रीची, पण वेळखाऊ आणि हात भाजणारी. १९६० च्या दशकात डेन्मार्कमध्ये एक यंत्र निघालं, मिल्को टेस्टर. आपल्याकडच्या डेअऱ्यांमध्येही ते पुढे बरीच वर्षं चाललं. ते दुधातून उजेड सोडायचं आणि किती उजेड वाट चुकला, किती आरपार आला, ते मोजायचं. जितके स्निग्धाचे थेंब जास्त, तितका उजेड जास्त चुकणार.

यात दोन अडचणी होत्या. एक, दुधातले थेंब सारखे नसतात, कोणी दहा पटीनं मोठा, कोणी बारीक, आणि मोठा थेंब उजेडाला वेगळं वळवतो. म्हणून यंत्र आधी दूध दाबून बारीक छिद्रातून काढायचं, सगळे थेंब जवळपास एका मापाचे करायचं. दोन, केसीनचे कणही उजेड चुकवतात आणि त्यांचं माप फॅटमध्ये धरलं तर ते खोटं माप. म्हणून एक औषधी पाणी घालून केसीन विरघळवून टाकायचे. मगच उरलेली वाटचूक खरी फॅटची. आजच्या केंद्रांवर बरीच यंत्रं आवाजाच्या फार वरच्या पट्टीच्या लहरींवर चालतात, मोठ्या डेअऱ्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडावर. पण कुठलंही यंत्र घ्या, त्याच्या पोटात जातं ते एवढंसं दूध. तेवढ्या दुधात जे आहे तेच ते सांगणार.

तसलंच दुसरं यंत्र आपल्या सगळ्यांच्या बोटाला लागून गेलं आहे. करोनात आशाताई घरोघरी घेऊन फिरल्या, ते चिमट्यासारखं, ऑक्सिमीटर. त्याची कल्पना जपानचे ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. ते खरं तर दुसरंच मोजत होते. शिरेत रंग सोडून हृदय किती रक्त ढकलतं ते कानातून जाणाऱ्या उजेडावरून बघत होते, आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांची रेघ सारखी थरथरायची. नको असलेला तो थरथराट काढून टाकता टाकता त्यांच्या लक्षात आलं, की कामाची गोष्ट त्या थरथराटातच आहे. ठोक्यासरशी बदलतं ते ताजं रक्त. लाल आणि इन्फ्रारेड असे दोन उजेड त्यातून सोडले, तर रक्तात प्राणवायू किती ते कळतं.

पण बोट म्हणजे काच नव्हे. मांसातून जाताना उजेड दुधातल्यासारखाच भटकतो, किती लांबची वाट चालून आला ते नेमकं कळत नाही. म्हणून नुसत्या गणितावर हे यंत्र चालत नाही. धडधाकट माणसांची प्रत्यक्ष मोजणी करून तक्ता बनवतात आणि यंत्र त्या तक्त्यात बघून आकडा सांगतं. तो तक्ता ज्यांच्यावरून बनला त्यांत गोऱ्या कातडीची माणसं फार होती. २०२० मध्ये अमेरिकेत रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की प्राणवायू खरा कमी असताना यंत्रानं 'ठीक' सांगितल्याची चूक काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. मैत्रिणींनो, आपल्याकडे गोरी बोटं किती? सिकलसेल असलेल्या लेकराच्या बाबतीतही या आकड्यावर जपूनच विसंबावं लागतं. आकडा पंच्याण्णव दाखवत असला आणि समोरचं माणूस धापा टाकत असलं, बोलताना वाक्य तुटत असलं, ओठ निळे पडत असले, तर यंत्र बाजूला ठेवा आणि गाडी बोलवा. नखाला रंग लावलेला असेल तर तो पुसा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा, मग मोजा.

इथपर्यंतचा उजेड बिचारा नुसता भटकतो. आता थोडं नवलाचं. भटकण्यानंच उजेड वाढला तर?

साधा दिवा, चूल, सूर्य, यांचा उजेड आठवडी बाजारातल्या गलक्यासारखा. जो तो आपल्या मनानं ओरडतो. लेझरचा उजेड रेला नाचासारखा, हातात हात, एका ठेक्यावर पाऊल. कणाकणांना एका ठेक्यावर आणता येईल हे आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये कागदावर दाखवलं, आणि अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये ते करून दाखवलं. चारच वर्षांत, १९६४ साली, मुंबईला ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात भारतातला पहिला लेझर तयार झाला, आणि पुढे ट्रॉम्बेहून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत सुमारे वीस किलोमीटर, मुंबईच्या आभाळातून, त्या उजेडावर निरोप पाठवून झाला.

लेझर आपोआप होत नाही. निसर्गाची ओढ सगळं निवत जाण्याकडे, सारखं होण्याकडे असते. चहा गार होतो, निखारा विझतो. लेझरसाठी ती ओढ रोखून धरावी लागते, बाहेरून सारखा जोर द्यावा लागतो. हापशीसारखं आहे. पहिले चार दांडे नुसता खडखडाट, पाणी नाही. आत गळतीपेक्षा उपसा जास्त झाला की एकदम धार लागते. हात थांबला की धार थांबली. शास्त्रज्ञही या जोर देण्याला 'पंप करणं' असंच म्हणतात.

नेहमीच्या लेझरमध्ये दोन आरसे समोरासमोर असतात आणि उजेड मधल्या मध्ये येरझाऱ्या घालत वाढतो. मॉस्कोचे लेतोखोव यांनी १९६० च्या दशकात हिशेब मांडला, की आरसे नकोतच. उजेड वाढवणाऱ्या पदार्थाची पूड घ्या. पुडीत उजेड वाट चुकेल, आतच फिरत राहील आणि जितका फिरेल तितका वाढेल. एकटा निखारा पटकन विझतो, पण निखाऱ्यांचा ढीग धगधगत राहतो, कारण आतल्या निखाऱ्याची ऊब बाहेर निसटायच्या आधी शेजाऱ्याला लागते. तसंच हे. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेत लवांडी आणि त्यांच्या सोबत्यांनी रंगाच्या द्रावात पांढऱ्या पेंटमधली पूड मिसळून दुधासारखा द्राव केला आणि त्यातून लेझरसारखा उजेड काढला. १९९९ मध्ये हुई काओ या बाईंनी जस्तभस्माच्या पुडीतून काढला. मलमात घालतात तेच पांढरं जस्तभस्म.

आपल्याकडे हे काम कुलाब्याच्या त्याच टाटा संस्थेत सुशील मुजुमदार यांच्या प्रयोगशाळेत चालतं. त्यांची सुरुवात बंगळूरला रामन यांनी स्थापन केलेल्या संस्थेत, हेमा रामचंद्रन यांच्या हाताखाली. धुक्यातून, गढूळ पाण्यातून पलीकडचं कसं दिसेल यावर हेमाताईंचं मोठं काम आहे. मुजुमदार इटलीत असताना, २००४ मध्ये, त्यांना आणि सोबत्यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. द्राव तोच, जोर तोच, तरी प्रत्येक झटक्याला उजेडात टोकदार रेषा उमटायच्या, आणि दर वेळी वेगळ्याच जागी. कारण बहुतेक उजेड लवकर बाहेर निसटतो, पण एखादाच नशिबानं फार वेळ भटकतो आणि प्रचंड वाढून बाहेर येतो. पुढे मुजुमदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कुलाब्याला अशा चढउतारांचाच हिशेब मांडला. इथे सरासरी कामाची राहत नाही. अख्ख्या पावसाळ्याचा पाऊस दोन दिवसांत पडला, तर 'रोज सरासरी इतका' असं सांगून धानाच्या बांध्या भरत नाहीत. अमेरिकेत काहींनी माणसाच्या आतड्याच्या तुकड्यांवरही असा उजेड पाडून पाहिला आहे. कर्करोगाच्या गाठीत तो वेगळा भटकतो, त्यामुळे रेषाही वेगळ्या येतात. हे अजून प्रयोगशाळेतच आहे, दवाखान्यात नाही.

राहिली फॅट. मी परत त्या गटात गेले आणि ताईला विचारलं, नमुना कसा देतेस? म्हणाली, कॅनमधून वरचं ओतून. घरून केंद्रापर्यंत तासभर, वाटेत कॅन उभा. स्निग्धाचे थेंब हलके, ते वर चढतात. वरचं घेतलं तर फॅट जास्त, कॅन रिकामा होत आल्यावर तळचं घेतलं तर कमी. शिवाय धार काढताना पहिली धार पातळ, शेवटची दाट. वासरानं शेवटची धार प्यायली तर फॅट पडणार. सोमवारी वासरू बांधलं होतं, मंगळवारी सुटलं होतं, हे तिलाच आठवलं.

माणूस खोटा नसेलच असं मी म्हणत नाही. ते ओळखायची वेगळी रीत आहे. चुकून होणारी चूक कधी वर जाते, कधी खाली. मुद्दाम केलेली चूक एकाच बाजूला जाते, आणि ती बाजू कोणाच्या फायद्याची ते कळायला वेळ लागत नाही. त्या गटातल्या सात जणींनी आता एक वही केली आहे. दूध चांगलं ढवळून मगच नमुना द्यायचा, आपल्या डोळ्यांसमोर मोजून घ्यायचा, आणि आकडा, वेळ, वासरू बांधलं होतं की सुटं, तिन्ही लिहायचं. आठवड्यातून एकदा तेच दूध दोन बाटल्यांत घालून दोघींच्या नावानं द्यायचं. सोळा दिवसांच्या नोंदी झाल्या आहेत. महिना भरला की वही घेऊन मी पुन्हा तुमच्यासमोर येईन.